यूएसबीवर चालणारा एका कॅनचा फ्रिज: भाऊबीज ते आषाढ

लाल रंगाचा, पुढे काचेचं दार, आत निळा दिवा आणि मागून लॅपटॉपला लावायची वायर. खऱ्या फ्रिजचं पिल्लूच. आत एक कॅन मावतो, तोही उभाच. ताकाचा पेला शिरत नाही, कोकम सरबताची बाटली तर सोडाच.

विकत मी घेतलेला नाही. माझ्या धाकट्या भावाला असल्या वस्तूंचं भारी वेड. आधीच्या वर्षी त्याने ओवाळणीत टाळी वाजवली की लागणारा दिवा दिला होता. गणपतीत पहिल्या आरतीपासून शेवटच्या आरतीपर्यंत तो लागत-विझत राहिला, आणि शेजारच्या काकूंनी डेकोरेशनचं कौतुक केलं. गेल्या भाऊबीजेला ताटात आला तो हा फ्रिज.

दादरच्या घरात माझं कामाचं टेबल खिडकीपाशी आहे. तिथे तो हिवाळाभर चालला आणि चालतोय असं वाटलंही, कारण तेव्हा पाणी तसंही गारच असतं. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. ३१ अंशांचा कॅन आत ठेवला, दोन तासांनी थर्मामीटर बुडवला तर २८. खोक्यावर अगदी छातीठोकपणे '८ अंशांपर्यंत गार' असं छापलंय.

कारण साधं आहे. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. ३०० मिलीचं पेय ३० वरून १० अंशांवर आणायचं तर सुमारे २५ हजार ज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. खाल्लेल्या प्रत्येक ज्यूलमागे एक ज्यूल उष्णता जरी त्याने बाहेर काढली, तरी पावणेतीन तास लागतील. आणि तेवढीही तो काढत नाही. आत काँप्रेसर नाही, पेल्टिअरची चकती आहे: तिच्यातून वीज वाहिली की एक बाजू गार, दुसरी गरम. हा गुण झाँ पेल्टिअर यांनी १८३४ मध्ये दाखवला. प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्यांचे सेन्सर गार ठेवायला ही चकती उत्तम, कोल्ड्रिंकसाठी नाही.

त्यात कॅनचा तळ आत वळलेला असतो, म्हणून खालच्या गार पत्र्याला फक्त त्याची कड टेकते. गारवा येतो तो खालून, आणि गार पाणी जड म्हणून तिथेच बसून राहतं. थेट कॅनमधून प्यायलात तर पहिला घोट कोमट लागतो, शेवटचा जरा बरा. मागचा पंखा गरम वारा टाकतो तो नेमका माउसवरच्या हातावर.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हवेतली वाफ त्या पत्र्यावर जमून थेंब-थेंब दाराखालून कीबोर्डकडे निघाली. आता खाली पायपुसण्याचा तुकडा घातलाय.

जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी असल्या वस्तूंचा 'चिंदोगु' नावाचा प्रकारच गाजवला: नूडल्स गार करायला चॉपस्टिकला पंखा, बुटांच्या टोकांवर छत्र्या, रांगता रांगता फरशी पुसणारं बाळाचं झबलं. त्यांचा एक नियम मला फार आवडतो, की ती वस्तू विकायची नाही. सेल्फी स्टिकही १९९५ सालच्या त्यांच्या संग्रहात होती. पुढे तीच गेटवे ऑफ इंडियासमोर हातोहात खपली. चेष्टा म्हणून केलेल्या चेष्टेला माझी ना नाही. पण एमआरपी छापून, वॉरंटी कार्ड घालून चेष्टा करायची म्हणजे जरा जास्तच झालं. ते वॉरंटी कार्डही कोरंच निघालं, शिक्का ना तारीख.

आमच्या खालचा दुकानदार कूलिंगचे म्हणून दोन रुपये जास्त घेतो. पूर्वी त्यावरून मी रोज हुज्जत घालायचे, हल्ली मुकाट देते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. बाजूला एक खटका आहे, तो दाबला की वीज उलटी वाहते आणि पत्रा तापतो. चकतीची स्वतःची उष्णताही मग कामी येते, त्यामुळे हे काम त्याला छान जमतं. कटिंगचा ग्लास बरोबर मावतो आणि मीटिंग लांबली तरी चहावर साय धरण्यापलीकडे काही बिघडत नाही. सासूबाई त्याला 'तुझी शेगडी' म्हणतात.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही त्या खटक्याला. कोणी भेट दिलाच तर निळ्या दिव्यासाठी लहान मुलांना द्या, नाहीतर चहासाठी ठेवा. पॉवर बँकेवर मात्र लावू नका, संध्याकाळच्या लोकलमध्ये फोनला काही उरत नाही.