गंजलेली चालती गाडी की धड पत्र्याची बंद गाडी?

रात्री उशिरा फोनवर जुन्या गाड्या चाळत पडायची सवय असेल, तर ही जोडी तुमच्या ओळखीची असेल. एक फोक्सवॅगन बीटल, रंग उडालेला, कडांना गंज, पण 'एका सेल्फमध्ये स्टार्ट, पत्र्याचं किरकोळ काम'. तिच्याच खाली दुसरी, जवळपास दीडपट किमतीची: 'इंजिन जाम, बरीच वर्षं शेडमध्ये उभी'. बहुतेकांचा हात पहिलीकडे जातो. चालते, वर स्वस्त, आणखी काय हवं!

माझाही गेला. आठ फोटो, इंजिन घुरघुरतानाचा एक व्हिडिओ, आणि विचार बदलायच्या आत टोकन पाठवून मोकळा. गाडी दारात उतरल्यावर मागचं सीट उचललं. बीटलची बॅटरी त्या सीटखाली असते. बॅटरी होती, तिच्याखालचा पत्रा नव्हता. ती एका लाकडी फळीवर टेकवलेली होती आणि फळीच्या कडेने खालचं गवत दिसत होतं. इंजिन मात्र खरंच एका सेल्फमध्ये सुरू झालं. विकणारा तेवढं तरी खरं बोलला होता.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी जाम इंजिनाचीच घ्यायला सांगतो. इंजिन कितीही बिघडलं तरी ते उतरवता येतं. बीटलचं तर चार मुख्य बोल्टांनी गिअरबॉक्सला जोडलेलं असतं; गाडी मागून उचलायची, इंजिन जॅकवर घ्यायचं आणि मागे ओढायचं. 1938 ते 2003 या काळात 2 कोटी 15 लाखांहून जास्त बीटल बनल्या, त्यामुळे पिस्टन-सिलिंडरचे संच आजही नवे मिळतात. शिवाय जाम म्हणजे बरेचदा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या, एवढंच. प्लग काढून आत गंज सोडवणारं तेल सोडायचं, आठवडाभर गाडीकडे बघायचंही नाही, मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने थोडं पुढे, थोडं मागे. सेल्फ मारून बघायचा मोह आवरायचा. सुटलं तर उत्तम. नाहीच सुटलं, तर इंजिन खोलून सगळं टेबलावर मांडता येतं आणि काय गेलं, काय राहिलं याची यादी एका दुपारी हातात येते.

गंजाची अशी यादी होत नाही. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पट वाढतं. दोन पत्रे जिथे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले असतात, तिथे हा गंज पाचर ठोकल्यासारखा त्यांना फाकवत जातो. वरून दिसतो तो रंगाचा एवढासा फोड. खरवडलं की बोट आत जातं, आणि वेल्डिंग धरेल असा पत्रा लागेपर्यंत कापत गेलं की हातभर तुकडा खाली पडलेला असतो. बीटलच्या दाराखाली एक लांब पोकळ पेटी असते. इंजिनाकडची गरम हवा तिच्यातून केबिनमध्ये येते आणि तीच बॉडीला ताठही ठेवते. माझ्या गाडीची ही पेटी फोटोत चकचकीत काळी होती, ताजं अंडरकोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्यावरचा काळा लेप, मारलेलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली तर 'टण' व्हायच्या जागी 'थप' झालं. आत पुट्टी, आणि पुट्टीला आधार म्हणून वर्तमानपत्राचे बोळे. ही पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून ती जखडून ठेवावी लागते, नाहीतर बॉडी हळूच खाली बसते. मी नव्हते केले. नवा पत्रा छान बसला, दार काही लागेना. मग पुन्हा कापाकापी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

अर्थात सगळ्या गाड्यांना एकच माप लावता येत नाही. गंज किती, याच्याआधी तो कुठे आहे ते बघायचं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला (1962 ते 1980) वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. तिच्या दाराखालचा भाग तीन पत्र्यांचा असतो आणि बरेच जण फक्त बाहेरचा बदलून गाडी विकतात. पण तिची पूर्ण बॉडी 1988 पासून नव्याने बनवली जाऊ लागली, म्हणजे अगदीच सडलेल्या एमजीबीलाही एक वाट आहे, महागडी का होईना. 1948 पासूनच्या जुन्या लँड रोव्हरचं याच्या उलट. तिच्या बाहेरच्या बॉडीचा बराचसा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यामुळे फोटोत ती कायम बरी दिसते. सडते ती खालची पोलादी चॅसिस. तीही गॅल्व्हनाइज केलेली, म्हणजे जस्ताचा थर दिलेली, नवी मिळते आणि बाकीची गाडी बोल्टांनी तिच्यावर चढते. ज्या गाडीचे पत्रेच कुणी बनवत नाही, तिचा गंज मात्र स्वतः पत्रा ठोकून घडवता येणाऱ्यानेच अंगावर घ्यावा.

'चालती' या शब्दाचाही फार मोह धरू नका. चालते म्हणजे थांबते असं नाही. बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी चालती असो वा बंद, ब्रेकचे होस, व्हील सिलिंडर, पेट्रोलचे रबरी पाइप आणि टायर दोन्हीकडे बदलावेच लागतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. 3612 म्हणजे 2012 सालचा छत्तिसावा आठवडा. विकणारा 'गेल्या वर्षापर्यंत रोज वापरत होतो' म्हणत असेल, तर या आकड्यांचा फोटो मागवा.

फोटो मागवायचेच तर हेही मागा: कार्पेट उचलून गाडीची जमीन, स्टेपनीचा खळगा, पुढच्या काचेच्या खालची कड, जॅक लावायची जागा, आणि बंद दाराच्या चारही बाजूंची फट. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर बॉडी बसली आहे. पाणी मारून ओल्या गाडीचे काढलेले फोटो मी आता उघडतही नाही. प्रत्यक्ष जाता आलं, तर मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक खिशात न्या. जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. चॅसिस नंबर कागदांशी ताडून बघा. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली, जमिनीच्या मधोमध लांबट उंचवटा असतो त्या बोगद्यावर ठोकलेला असतो. तो वाचता येत नसेल, तर तिथूनच परत फिरा.

तिसरा एक प्रकार जाहिरातीत हमखास भेटतो: कुणीतरी अर्धवट सोडलेली, खोक्यांत भरलेली गाडी. पत्र्याचं काम झालेलं असतं, किंमतही बरी असते. पण ज्याने खोलली त्याच्या डोक्यातला नकाशा खोक्यांत येत नाही. आधी असंच एक मॉडेल स्वतः खोललेलं असेल तरच घ्या.

गंजलेली घेऊच नये असं मी म्हणणार नाही. वेल्डिंग शिकायचंच असेल, छपराखाली जागा असेल, घाई नसेल आणि गाडी रस्त्यावर कधी येणार हे विचारणारं घरात कुणी नसेल, तर गंजलेल्या गाडीइतका सराव कशातच मिळत नाही. जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला भोक न पाडता टाका मारायला मला पाच-सहा महिने लागले. डावी बाजू त्या काळात झाली, त्यामुळे ती मी लोकांना दाखवत नाही. उजवी अजून कापायची आहे.