खोलीतलं नको, दारातलं दाखवा: मुलामुलींच्या तस्करीवरचे चित्रपट, कोणासाठी कोणता?

मानवी तस्करीवरचा एखादा चित्रपट दाखवायचं ठरलं, की पहिलं नाव निघतं 'मर्दानी'चं. मीही तेच घेतलं होतं. तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. नंतर चर्चेला बसलो तेव्हा, पळवलेल्या मुलीचा माग काढणाऱ्या त्यातल्या पोलीस अधिकारी बाईबद्दल एका मुलीने विचारलं, "मॅडम, ती पोलीस बाई तिच्या ओळखीची नसती, तर ती सापडलीच नसती ना?" तिचं समाधान होईल असं उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून चित्रपट निवडताना मी एक गोष्ट आधी बघते. मुलगी कुंटणखान्याच्या त्या खोलीपर्यंत पोचली कशी, हे किती नीट दाखवलंय? खोलीच्या आत काय घडतं ते जवळपास सगळेच दाखवतात. ते बघून अंगावर काटा येतो, पण वाडीवस्तीवरच्या पोरीच्या हाती त्यातून काही लागत नाही. तिला नेणारा माणूस ओळखता यायला हवा, आणि तो बहुतेक वेळा गोड बोलणारा, ओळखीतलाच असतो.

'मर्दानी' (२०१४, दिग्दर्शक प्रदीप सरकार) आणि 'लक्ष्मी' (२०१४, नागेश कुकुनूर) एकाच वर्षातले आहेत, म्हणून शेजारी शेजारी ठेवून बघावेत असे. 'मर्दानी'त मुंबई क्राइम ब्रँचची शिवानी शिवाजी रॉय प्यारी नावाच्या अनाथ मुलीचा माग काढते. चित्रपटाची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्यातला खलनायक. शिकलेला, शांत आवाजात बोलणारा, चारचौघांत उठूनही न दिसणारा तरुण. दलाल म्हणजे गळ्यात साखळ्या आणि तोंडात पान, हे डोक्यातलं चित्र तो पुसून टाकतो. पण शेवटी त्याचा निकाल मुलींच्या मारानेच लागतो. बघताना बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. मात्र तक्रार, पंचनामा, जबाब, साक्ष हा सगळा रस्ताच त्यात वगळला जातो.

'लक्ष्मी' नेमका तोच रस्ता दाखवतो. खऱ्या घटनेवर आधारलेली ही गोष्ट १४ वर्षांच्या मुलीची आहे. हैदराबादेत वसतिगृहाच्या नावाखाली चालणाऱ्या कुंटणखान्यात ती अडकते. गायिका मोनाली ठाकूरने केलेलं हे काम विसरता येत नाही, आणि दलाल चिन्नाच्या भूमिकेत दिग्दर्शक स्वतः आहे. सुटका झाल्यावर गोष्ट संपत नाही, तिथून न्यायालय सुरू होतं. बचावाच्या वकिलांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं देत उभी राहिलेली मुलगी. पोलीस, वकील, बालकल्याण समितीवर काम करणारी माणसं यांच्यासाठी मी हाच निवडेन. मात्र छळाची दृश्यं फार जवळून आणि फार वेळ दाखवली आहेत. ज्यांच्या वाट्याला असं काही आलंय अशा मुली प्रेक्षकांत असू शकतात, आणि त्या कोण हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून सरसकट सगळ्यांना बसवून तो मी लावणार नाही.

तबरेज नूरानी यांचा 'लव्ह सोनिया' (२०१८) या दोघांच्या मधला. कर्जात बुडालेला शेतकरी बाप, विकली गेलेली बहीण आणि तिला शोधायला निघालेली सोनिया, म्हणजे मृणाल ठाकूर. सुरुवातीचा भाग खरा आहे. बहिणीकडे नेते म्हणून सोनियाला मुंबईत घेऊन येणारी बाई सई ताम्हणकरने फार विश्वासाने उभी केली आहे. आपल्याच बोलीत बोलणारी, आपल्यातलीच वाटणारी. पुढे गोष्ट हाँगकाँग, लॉस एंजेलिसपर्यंत जाते आणि गावातल्या प्रेक्षकाच्या हातून निसटते. या तिन्ही चित्रपटांना 'ए' प्रमाणपत्र आहे, त्यामुळे शाळेचा प्रश्न तिथेच मिटतो.

प्रेमाच्या नावाने लावलेला गळ मात्र या तिघांपेक्षा दुसऱ्या दोन चित्रपटांत जास्त स्वच्छ दिसतो. एक आपल्या मुंबईतला, मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' (१९८८). नेपाळहून आणलेल्या मुलीला सगळे 'सोला साल' म्हणतात. तिला हिंदी येत नाही, ती कोणाला जवळ येऊ देत नाही. मग तिला वळवायचं काम बाबावर सोपवलं जातं. बाबा म्हणजे नाना पाटेकर. तो हात उगारत नाही. शेजारी बसतो, हळू बोलतो, तिला आपलंसं करतो, आणि शेवटी ती आपल्या पायांनी गाडीत जाऊन बसते. मारझोडीच्या दहा दृश्यांनी जे कळत नाही ते या काही मिनिटांत कळतं. या चित्रपटातूनच रस्त्यावरच्या मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला.

दुसरा स्वीडनच्या लुकास मूडिसन यांचा 'लिल्या फॉरेव्हर' (२००२). एकेकाळच्या सोव्हिएत संघातलं कुठलंसं भकास शहर. १६ वर्षांच्या लिल्याला मागे ठेवून आई अमेरिकेला जाते, मावशी तिला पडक्या घरात हलवते, मैत्रीण तोंड फिरवते. चित्रपटाचा जवळजवळ अर्धा वेळ ही मुलगी एकटी कशी पडत गेली हे सांगण्यात जातो, आणि मी तो याचसाठी मोठा मानते. आंद्रेई गाडी घेऊन येतो तोवर तिच्याशी नीट बोलणारं कोणीच उरलेलं नसतं, तिच्याएवढाच एकाकी एक लहान पोरगा सोडला तर. आंद्रेई घाई करत नाही. फिरायला नेतो, घरी सोडतो. मग स्वीडनमधल्या कामाचं बोलतो. निघायच्या वेळी म्हणतो, तू पुढे हो, मी मागून येतो. विमानतळावर दुसराच माणूस उभा असतो आणि तो आधी पासपोर्ट मागतो. ही वाक्यं आपल्या मुलींनीही ऐकलेली असतात, फक्त स्वीडनच्या जागी सुरत किंवा पुणे असतं.

तरीही तो मुलांना दाखवू नका. शेवट आत्महत्येचा आहे, आणि लहान पोराचाही मृत्यू होतो. शिक्षक, अंगणवाडीताई, समुपदेशक यांनी मात्र सबटायटल वाचत का होईना, एकदा बघावा. वर्गातली कोणती मुलगी एकटी पडत चाललीय ते बघायची सवय लागते.

बचत गट, ग्रामसभा, पालकसभा यांच्यासाठी माझी पसंती ठरलेली आहे: 'अमोली' (२०१८). जास्मिन कौर रॉय आणि अविनाश रॉय यांचा हा अर्ध्या तासाचा माहितीपट. मोल, माया, मंथन आणि मुक्ती असे त्याचे चार भाग आहेत. त्याला शोध-माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो अनेक भाषांत निघाला आणि मराठीत सचिन खेडेकरांचा आवाज आहे. हा फायदा लहान नाही. हिंदी चित्रपट लावला की मागच्या रांगेतल्या आजी दहा मिनिटांत उठतात, इथे शेवटपर्यंत बसतात. शिवाय तो गिऱ्हाईकाबद्दलही बोलतो. मागणी आहे म्हणून पोरी आणल्या जातात, हे पुरुष बसलेल्या सभेत मोठ्याने म्हटलं गेलं पाहिजे.

आता एक खंत. आतापर्यंतची सगळी नावं कुंटणखान्याभोवती फिरतात. मुलगे आणि मजुरी त्यांत जवळपास नाहीतच. २०२२ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेही एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. आईबापांच्या हातावर काही हजार रुपये आणि एखादी मेंढी टेकवली होती. हीसुद्धा तस्करीच, पण गावात तिला 'कामाला ठेवलं' म्हणतात. उचल, मुकादम, वीटभट्टी, ऊसतोड हे शब्द जिथे रोजचे आहेत तिथे 'द प्राइस ऑफ फ्री' (२०१८) लावा. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या 'बचपन बचाओ आंदोलना'वरचा हा माहितीपट यूट्यूबवरच प्रदर्शित झाला. धाडी, कोंदट खोल्यांतून बाहेर काढलेली मुलं आणि हरवलेल्या मुलाला शोधत आलेला बाप. परदेशी प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून बनवल्याचं जाणवतं, पार्श्वसंगीत थोडं जास्त आहे. चालेल.

कॉलेजातल्या त्या मुलीचं उत्तरही मला याच संघटनेच्या कामात सापडलं. संघटनेच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आदेश दिला: मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय किंवा त्याची तस्करी झालीय असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. 'दोन दिवस वाट बघा, येईल परत' हे ऐकून घरी जायचं नाही. ओळखीची पोलीस बाई लागत नाही. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर आणि हा आदेश मी आता प्रत्येक खेळाआधी फळ्यावर लिहिते.

राहिला प्रश्न शाळेचा, पाचवी ते आठवीचा. तिथे तस्करीवरचा म्हणून ओळखला न जाणारा 'लायन' (२०१६) कामी येतो. खांडव्याच्या सरू ब्रायर्ली यांची खरी गोष्ट. पाच वर्षांचं पोर रिकाम्या रेल्वेगाडीत झोपतं आणि कोलकात्याला पोचतं. पूर्ण चित्रपट दोन तासांचा आहे आणि उत्तरार्ध ऑस्ट्रेलियात इंग्रजीत चालतो, मुलं कंटाळतात. मी फक्त पहिला भाग दाखवते. कोलकात्यात एक बाई सरूला घरी नेते, जेवू घालते, आंघोळ घालते. दुसऱ्या दिवशी एक हसरा माणूस येतो, त्याच्या शेजारी आडवा होतो, त्याला न्याहाळतो आणि मदत करायचं कबूल करतो. वाईट असं काहीच घडलेलं नसतं. तरी सरू दार उघडून जीव खाऊन पळतो.

तिथे थांबवते आणि विचारते, का पळाला? मागच्या वर्षी सहावीतला एक मुलगा म्हणाला, "तो माणूस त्याच्याशी बोलत नव्हता, त्याला बघत होता. बाजारात बकरं बघतात तसं."