साडेसात हजाराची ‘अलॉय’ सायकल अन् आमचा कापसाचा काटा

लिहू का नको, लिहू का नको असं दोन महिने करून राहिलो होतो. फसलो हे चारचौघात सांगायला लाज वाटते, त्यात बायकोनं आधीच बजावलं होतं की सेलमधलं काही आणू नका. पण परवा भाच्याचा फोन आला अन् मग म्हटलं लिहूनच टाकतो. भाच्याचं शेवटी सांगतो.

तर झालं असं की दिवाळीच्या आधी शुगर जरा वर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. मला चालायचा भारी कंटाळा. आमचं गाव परतवाड्याच्या अलीकडे, आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, डांबरी रोडवर ट्रकवाले अंगावर येतात म्हणून सकाळी पांदणीनं दहा-बारा किलोमीटर सायकल हाणावी एवढाच विचार होता, काही चिखलदऱ्याचा घाट चढायचा नव्हता. घरी बाबांची अॅटलस आहे, अजून टणटणीत आहे, पण उंच दांड्याची, टांग टाकताना गुडघा बोलतो अन् पांदणीत हाडं खिळखिळी होतात. (त्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिवसाला बंद पडला. बाबा अजून हळहळतात.) म्हणून गियरवाली जाड टायरची घ्यायचं ठरवलं. अमरावतीत एका दुकानात विचारलं तर साध्या गियरवालीचे बारा-तेरा हजार सांगितले. एवढे द्यायला जीव होईना.

अन् त्याच आठवड्यात ऑटोवर भोंगा लावून फिरत आले. कंपनी बंद पडली, माल काढून टाकायचा आहे, अठरा हजाराची सायकल फक्त साडेसात हजार, फक्त तीन दिवस. मंगल कार्यालयात सेल. कापसाचा पहिला चुकारा नुकताच हातात आला होता, खिसा गरम होता, गेलो.

पंचवीसेक वर्षांचा पोरगा होता, बोलायला असा गोड की विचारू नका. काका अलॉय बॉडी, काका एकवीस गियर, काका पुढे-मागे डिस्क ब्रेक, काका डबल शॉकअप. फ्रेमवर शिमानोचं, म्हणजे त्या नावाजलेल्या जपानी गियर कंपनीचं, एवढं मोठं स्टिकर. म्हणाला चालवून बघा, विश्वास ठेवू नका. कार्यालयाच्या आवारात दोन चकरा मारल्या, खरंच लोण्यासारखी चालली. मग म्हणाला हा डेमो पीस आहे काका, लहान पोरांनी हाताळलेला, तुम्हाला सीलबंद बॉक्समधला फ्रेश देतो. मला तर उलट बरंच वाटलं. मला खुर्चीवर बसवून चहा दिला अन् दोन पोट्ट्यांनी पंधरा मिनिटांत सायकल जोडली. चहा पिता पिता एक गोष्ट दिसली होती, डेमोवालीचे पायडल लोखंडी होते अन् हिचे प्लास्टिकचे. दिसलं, तरी म्हटलं नवीन मॉडेल असेल. माणूस एकदा घ्यायचं ठरवून बसला की स्वतःच स्वतःला पटवून देतो ना, तसं.

बिल मागितलं तर म्हणे पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वरून लागेल. मी म्हटलं राहू दे. इथं मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. एका चिठ्ठीवर ‘सायकल १ नग, ७५००’ लिहून दिलं, खाली ‘एक साल गॅरंटी’. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाच्या नावाऐवजी कोणा बाईचं नाव आलं, विचारलं तर म्हणाला मालकाच्या बहिणीचं खातं आहे. पिन टाकला अन् मोकळा झालो.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पांदणीत जरा चढ होता, जोर लावला अन् डावा पायडल बुटासकट बाहेर. मी सरळ बाजूच्या पऱ्हाटीत. काळी माती मऊ होती म्हणून कोपरावरच भागलं, समोर दगडाचा बांध होता. सायकल ढकलत सहा किलोमीटर परत आलो, वाटेत जो भेटेल तो विचारे, ‘काऊन भौ, नवी सायकल ना?’

दुपारी छोट्या हत्तीत टाकून परतवाड्यात आमचे जुने सायकलवाले चाचा आहेत त्यांच्याकडे नेली. चाचांनी क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसतो तिच्या, भोकात बोट घातलं, बोटाला चांदीसारखा चुरा लागला.

‘हे कोनं बसवलं? डाव्या पायडलचे आटे उलटे असते. पोट्ट्यायनं पान्यानं जबरदस्ती दाबलं, सारे आटे खाऊन टाकले. आता क्रँकच बदला लागते.’

मग त्यांनी गल्ल्यातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. म्हटलं हे कशाला, तर म्हणे अलॉय म्हनला ना तो? अन् फ्रेमला जवळ नेलं तर टक्क करून चिकटलं. खालच्या दांड्याला टक्क, मागच्या दांडीला टक्क. सायकलीत अलॉय म्हणजे अॅल्युमिनियम, अन् अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे मला सातवीपासून माहीत आहे, पण सेलमध्ये कोणाला आठवते. लोखंडी असण्यात वाईट काहीच नाही बरं का, बाबांची अॅटलस लोखंडीच आहे, पण लोखंड म्हणून विका ना मग.

‘आता गियर मोजा.’ पुढे तीन चकत्या. मागच्या मी दोनदा मोजल्या, सहा. म्हणजे तीन सक अठरा, अन् हँडलवरचा शिफ्टर सातचा. तरीच शेवटच्या खटक्याला चेन नुसती करकर करत होती अन् मला वाटे आपल्यालाच गियर टाकता येत नाही. मागचं जे मशीन चेन सरकवते त्याच्यावर कोणत्याच कंपनीचं नाव नाही. चाचा म्हणाले खऱ्या मालावर नाव त्या मशीनवर कोरलेलं राहते, फ्रेमवर स्टिकर तर मीपण चिकटवून देईन, बोला कोणतं पाहिजे. डबल शॉकअपचं म्हणाल तर या किमतीत तो निव्वळ भार आहे, पायाचा अर्धा जोर स्प्रिंगच खाऊन टाकते, चढावर तुम्ही खालीवर होता अन् सायकल जागच्या जागी. हे मला पांदणीत जाणवलंच होतं, मी ते शुगरच्या खात्यात टाकलं होतं. डिस्क मात्र बरी वस्तू, आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात रिमवाले ब्रेक चिखलानं जाम होतात, पण माझ्या पुढच्या डिस्कची चकतीच वाकडी, दर फेऱ्याला घासत होती.

पोरानं वजन चौदा किलो सांगितलं होतं. रात्री घरी वेचणीचा कापूस मोजायचा काटा काढला अन् सायकल त्याच्या हुकाला टांगली. एकोणीस किलो दोनशे. बाबा खाटेवरून म्हणाले, ‘कापूस असता तं पैसे तरी भेटले असते.’

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो तर तिथं कोणाच्या तरी हळदीचा मांडव, डीजेवाला वायरी जोडून राहिला होता. चिठ्ठीवरचा नंबर बंद. वॉचमन म्हणाला रात्रीच ट्रक भरून गेले, तुम्ही आज सकाळपासून चौथे.

पुतण्यानं सांगितलं १९३० ला लावा. पण तो ऑनलाइन पैसे उडवले तर लगेच लावायचा नंबर आहे, मी तर वस्तू पाहून, चहा पिऊन स्वतःच्या हातानं पिन टाकलेला. मग ग्राहक हेल्पलाइनला लावला, १९१५. तिथल्या बाई नीट बोलल्या, पण पहिलाच प्रश्न, विक्रेत्याचं नाव-पत्ता काय, बिल आहे का. माझ्याकडे ती चिठ्ठी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला केस टाकायची फीसुद्धा लागत नाही हे तेव्हा कळलं, पण केस टाकू कोणावर, मालकाच्या बहिणीवर? पक्कं बिल असतं तर त्याच्यावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असता, महाराष्ट्रातला असला की २७ नं सुरू होतो, पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव-गाव समोर येते. चार पैसे वाचवायला गेलो अन् ते दारच बंद करून बसलो.

एक अजून, सव्वीस इंची म्हणून जे सांगतात ते चाकाचं माप आहे, फ्रेमचं नाही. माझी उंची पाच-आठ, फ्रेम निघाली पोराच्या मापाची, सीट शेवटपर्यंत वर काढली तरी गुडघे हँडलला लागतात. आवारात दोन चकरा मारताना कळलं नाही कारण डेमोवाली मोठी होती.

चाचांनी क्रँक अन् पायडल बदलले, पुढची डिस्क ठोकून सरळ केली, ट्यूबमध्ये बाभळीचे दोन काटे निघाले ते पंक्चर काढले, सगळे मिळून अकराशे घेतले. त्यांनाच विचारलं की आता घ्यायची असेल तर काय घेऊ, तर म्हणाले मागचा शॉकअप नको, गियर सात असले तरी खूप झाले, अन् ज्याचं दुकान पुढच्या वर्षीही तिथंच राहील त्याच्याकडून घ्या. सध्या पुतण्या हिच्यावर शाळेत जातो, सायकल त्याच्या मापाची आहे. मी अॅटलसवर. दांडा उंच आहे म्हणून ओट्याला टेकवून चढतो.

तर भाचा. परवा फोन करून म्हणतो, ‘मामा, आपल्या गावात भोंगा फिरून राहिला, अठरा हजाराची सायकल साडेसातले, अलॉय हाय म्हनते.’ म्हटलं कार्यालयात सेल आहे का? म्हणे हो, तुमाले कसं माहीत? म्हटलं थांब, कुठं जाऊ नको. चाचांकडून चुंबक मागून आणलं अन् सकाळच्या एसटीनं निघालो.