दोन तोंडांचा पेनड्राइव्ह : फोनच्या बॅकअपसाठी घ्यावा का?

सांगलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मापांची वही आहेच, पण गळ्यांची डिझाइन, आरी वर्कचे नमुने, ‘ताई, बाही कोपरापर्यंत हवी हं’ असले गिऱ्हाइकांचे व्हॉइस मेसेज, सगळं फोनातच. म्हणून एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला साधं यूएसबी असलेला 128 जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. अख्खी लग्नसराई वापरून मग लिहितेय.

गूगल फोटोज असताना हा कशाला, असं भाच्यानं विचारलंच. गूगलची फुकट जागा 15 जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो त्यातच धरतात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपसुद्धा. प्रत्येक ब्लाउजचे पुढून-मागून फोटो काढणारीला ती किती पुरणार? शिवाय बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या ॲपमधून डिलीट केला की गूगलवरूनही जातो. 60 दिवस ट्रॅशमध्ये असतो, मग संपलं. पेनड्राइव्हवरची प्रत मात्र फोनात काहीही खोडलं तरी जागेवर.

वापरायला अवघड काही नाही. ड्राइव्ह खोचायचा, फाइल्सचं ॲप उघडायचं, डीसीआयएम (फोनानं काढलेले फोटो ठेवायचं फोल्डर) यातलं ‘कॅमेरा’ फोल्डर धरून ‘कॉपी’ करायचं. ‘मूव्ह’ नाही! मूव्ह केलं की फोनातलं जातं, म्हणजे प्रत पुन्हा एकच. मी महिन्यागणिक फोल्डर करते. ‘मागच्या मार्गशीर्षातलं ते बोटनेक’ म्हणून कुणी आलं की पटकन सापडतं.

काही फोनांत सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे फोनाला पेनड्राइव्ह जोडायची सोय, चालू करावं लागतं, आणि वापरात नसलं की ते आपोआप बंद पडतं. ड्राइव्ह दिसला नाही तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, आधी तिथे बघा. फोनचं कव्हर जाड असेल तर पिन पुरती बसत नाही. मोठी कॉपी चालू असताना ड्राइव्ह बराच तापतो, आणि इथे माझा एक स्टार जातो.

दुकानात तुम्हाला यूएसबी 3.2 चा, म्हणजे जास्त वेगाचा, महागडा ड्राइव्ह दाखवतील. फोनचा पोर्ट (पिन खोचायची जागा) जुन्या, कमी वेगाच्या 2.0 चा असेल तर फोनातून कॉपी करताना त्या जादा वेगाचा उपयोग शून्य, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनांचा पोर्ट 2.0 च असतो. लांबलचक व्हिडिओ ठेवणाऱ्यांनी ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट आहे ना, ते बघावं. एक्सफॅट आणि फॅट 32 या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या दोन पद्धती. फॅट 32 मध्ये 4 जीबीची एक अखंड फाइल मावत नाही.

याच्या भरवशावर व्हॉट्सॲपचा बॅकअप मात्र बंद करू नका. मीडियाच्या फोल्डरमधून फोटो आणि व्हॉइस मेसेज कॉपी होतात, पण त्यानं नव्या फोनात चॅट उघडत नाहीत. त्यासाठी व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअपच लागतो. मी तो व्हिडिओ वगळून ठेवलाय, म्हणजे 15 जीबीत भागतं.

आणखी एक, बायकांच्या धंद्यात महत्त्वाचं. या ड्राइव्हला कुलूप नसतं. ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं दिसतं. ट्रायलचे फोटो गिऱ्हाइकांचे असतात, म्हणून माझा ड्राइव्ह दुकानात राहत नाही, घरी कपाटात असतो. जीव एवढासा आहे, हरवायला वेळ लागत नाही. मागच्या भोकात लाल लेस ओवून टाकलीय. पाचपैकी चार स्टार.