आठ महिने, तीन जोड: कोकणात दिवसभर चालायचे बूट

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत तीन प्रकारचे जोड आलटून-पालटून वापरून झाले. एक जाळीदार कापडाचे, ईव्हीए या हलक्या, स्पंजी फोमचा सोल असलेले वॉकिंग शूज. दुसरे रबरी सोलचे, लेस बांधायचे चामडी डर्बी. तिसरे टाचेमागे पट्टा असलेले सँडल. वापरणारी घरातली दोघं, एकाचा ८ नंबर आणि दुसरीचा ५. आठवड्यातले पाच दिवस, रोज सरासरी आठ किलोमीटर चाल. रत्नागिरी शहरातले चढ-उतार, आसपासच्या गावांतल्या पाखाड्या (जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटा), मांडवीची जेटी, भाट्याची पुळण (समुद्रकाठची वाळू) आणि सुट्टीत मालवण-देवगड. कामावर शोभले पाहिजेत आणि संध्याकाळी पाय ठणकता कामा नयेत, एवढी अट होती. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. मॉडेल दरवर्षी बदलतात, बुटाची बांधणी ओळखता आली तर ती कायम उपयोगी पडते.

सगळ्यात आधी सांगायचं ते ओलीबद्दल. दुकानात बूट घातला की माणूस मऊपणा बघतो. कोकणात आधी विचारायला हवं की हा वाळायला किती वेळ घेईल. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाऊस गेला तरी ऑक्टोबरात घाम आणि खारी हवा असतेच. ओल्या बुटात पायाची कातडी भिजून मऊ होते, मऊ कातडी घासली की फोड येतो, आणि बोटांच्या बेचक्यात बुरशी धरते. सोल झिजायच्या कितीतरी आधी शिवण कुजणं, चिकटकाम सुटणं, आतला वास न जाणं या कारणांनी जोड बाद होतात.

या कसोटीवर जाळीचे बूट पुढे गेले. भर जुलैत पूर्ण भिजलेला जोड संध्याकाळी सातला पंख्याखाली ठेवला तर सकाळी घालण्याजोगा होतो, फक्त बोटांच्या टोकाला जरा दमट लागतो. चामडी जोडाला दोन रात्री लागतात. जलरोधक अस्तराचे महागडे बूट इथल्या पावसासाठी घेऊ नयेत असंच आमचं मत आहे. पाणी वरून, घोट्याकडून आत शिरतं, आणि जे अस्तर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तेच आतलं बाहेर जाऊ देत नाही. डोंगरातल्या थंड, कोरड्या हवेत त्यांचा उपयोग वेगळा. पण व्हाळातून (ओढ्यातून) गुडघाभर पाण्यात पाय घालावाच लागतो तिथे आत आलेलं पाणी चार पावलांत बाहेर फेकणारा बूट हवा. जाळीच्या बुटात जीभ आणि टाचेची गादी जितकी पातळ तितकं बरं. जाड स्पंजाची टाच सगळ्यात शेवटी वाळते आणि वासाची सुरुवात तिथूनच होते.

वाळवण्याची पद्धत आठ महिन्यांत पक्की झाली ती अशी. लेस ढिली नव्हे, पूर्ण काढायची. आतली गादी बाहेर काढून वेगळी उभी करायची. समुद्राचं पाणी किंवा चिखल लागला असेल तर आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं, कारण मीठ राहिलं तर ते हवेतली ओल खेचून घेतं आणि बूट सुकल्यासारखा वाटून पुन्हा दमट होतो. मग वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत कोंबायचे, तासाभराने ते काढून कोरडे घालायचे, झोपण्याआधी तेही काढून बूट टाचेवर उभे, भिंतीला टेकवून, पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचे. बोळे रात्रभर आत ठेवले तर भिजलेला कागदच ओल धरून बसतो. चुलीच्या वायलावर किंवा कडक उन्हात ठेवू नका. उष्णतेने सोलचं चिकटकाम मऊ पडतं, चामडं आक्रसून तडकतं आणि ईव्हीए आकसतो. पडवीतला वारा पुरतो.

आता सोल. इथली जमीन एका प्रकारची नाही, हीच अडचण आहे. सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, कातळ खडबडीत आणि टोकदार, पाखाडीचे चिरे पावसाळ्यात शेवाळलेले, जेटीचा सिमेंटी उतार बुळबुळीत, घराघरांत गुळगुळीत फरशी. चिखलात चांगले म्हणून खोल खाचांचे, गोट्यांसारख्या उंचवट्यांचे सोल घेतले जातात. ओल्या फरशीवर आणि जेटीवर त्यांचा फारच थोडा भाग जमिनीला टेकतो, म्हणून ते घसरतात. शिवाय तांबडी चिकण माती खाचांत घट्ट बसली की तळ सपाट होऊन जातो. आमच्या वापरात चांगला ठरला तो मऊ रबराचा, दोन-तीन मिलिमीटर खोल, बारीक आणि दाट चिरांचा सोल. नखाने दाबला तर किंचित दबणारा. प्लॅस्टिकसारखा टणक, चकचकीत तळ असेल तर तो पीव्हीसीचा समजा आणि खाली ठेवा. तो ओल्या लादीवर धरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: हिरव्यागार शेवाळावर कुठलाच सोल भरवशाचा नाही. पाखाडीवर मधल्या, रोजच्या वहिवाटीच्या पट्ट्यात शेवाळ कमी असतं, तिथूनच उतरावं, पाऊल आडवं आणि पूर्ण टेकवून. कडेने, गडग्याला (दगडी कुंपणाला) धरून उतरणं सुरक्षित वाटतं, पण शेवाळ सगळ्यात दाट तिथेच असतं.

कातळावर चालायचं तर चवड्याखाली फोम आणि रबर मिळून साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडी हवी. पातळ सोलच्या बॅलेरिना दिसायला सुरेख असतात, पण सड्यावर अर्ध्या तासात प्रत्येक खडा तळव्याला सांगून जातो. टोकदार टाचाही नकोत. चिऱ्याच्या भोकांत आणि पायऱ्यांच्या सांध्यांत त्या अडकतात आणि घोटा मुरगळतो. साडीवर थोडी उंची हवी असेल तर अडीच-तीन सेंटिमीटरची, पूर्ण तळ एकसंध असलेली वेज टाच चालते.

दुकानात सोल तपासायला अर्धं मिनिट पुरतं. टाच आणि टोक धरून बूट वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथे मुडपतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर पायाची कमान दिवसभर आधाराशिवाय राहील. मग फडकं पिळतो तसा पिळून बघा. थोडा पिळला जावा, चिंधीसारखा नाही. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबा, ती लगेच आत गेली तर हा बूट उतारावर टाच धरणार नाही.

मापाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण फोडांचं निम्मं कारण तिथे आहे. पाय संध्याकाळी फुगतो, म्हणून माप संध्याकाळी, चालून आल्यावर घ्यावं. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर वजन टाकून, आणि पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटाची खूण करायची. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, आणि बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरायचं आणि त्यापुढे दहा-बारा मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्ध्या नंबराचा चार. म्हणजे एक नंबर लहान घेतला की पुढची जागा जवळजवळ संपलीच. पाखाडी उतरताना पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं ते यामुळे.

रुंदी बघायला बुटातली गादी काढून तिच्यावर उभं राहा. करंगळी किंवा चवडा गादीबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग लांबी कितीही बरोबर असो. ‘चालून चालून सैल होईल’ हे चामड्याबाबत थोडंसं खरं, जाळी आणि रेक्झिनबाबत अजिबात नाही. मोठा नंबर घेऊन रुंदीची सोय करू नका. टाच मागे उचलली जाते आणि तिथे फोड येतो. असं होत असेल तर सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून त्याच बाजूला लेसचा छोटा फास करायचा, समोरची लेस त्यातून ओवून मग गाठ मारायची. टाच जागच्या जागी बसते. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि उतारावर याचा जेवढा फरक पडला तेवढा महागड्या गादीनेही पडला नाही.

मोजे सुती नकोत. सूत घाम पिऊन ओलंच राहतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरचं मिश्रण असलेले पातळ मोजे, पिशवीत एक जास्तीचा जोड, आणि दुपारी जेवताना बदल. फोड फुटलाच तर तो झाकल्याशिवाय पावसाळ्यात शेतातल्या किंवा रस्त्यावर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचे) रुग्ण आढळतात, आणि तो संसर्ग कातडीवरच्या जखमेतून आत शिरू शकतो.

जाळीच्या बुटांचे दोषही सांगतो. पुळणीवर बारीक रेती जाळीतून आत जाते, गादीखाली जमते आणि टाचेला पॉलिशपेपरसारखी घासते. म्हणून पुळणीवर अनवाणी चालावं, नळावर पाय धुऊन बेचक्या पुसाव्या, मगच बूट घालावे. दुसरा त्रास ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. सड्यावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं विणलेल्या कापडात शिरतात, आतून टोचतात आणि चिमट्यानेच निघतात. त्या दोन महिन्यांत सड्यावर जायचं तर चामडी जोड किंवा घट्ट विणीचं कापड घ्या. साधारण ७०० किलोमीटरनंतर आतली गादी टाचेखाली पापडासारखी झाली होती, ती बदलून पुन्हा बरं वाटतं. सोलच्या फोमवर बाजूने आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसायला लागल्या की मात्र गादी बदलून उपयोग नाही.

चामडी डर्बी नोव्हेंबर ते मे या काळासाठी उत्तम. पँटवर, कुर्त्यावर, लग्नकार्यात शोभतात आणि कातळावर पायाला पक्का आधार देतात. घेताना सोल फक्त चिकटवलेला आहे की कडेने शिवलेला हे बघा. शिवलेला दुरुस्तीवाला पुन्हा बसवून देतो. जुलैत चार दिवस कपाटात बंद राहिले की पांढरी बुरशी येते. ती अंगणात कोरड्या फडक्याने पुसायची, मग पाणी आणि व्हिनेगर निम्मे-निम्मे करून ओलसर फडका फिरवायचा, सावलीत सुकवून पॉलिशचा पातळ हात द्यायचा. खाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेषाही याच मिश्रणाने जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत चामडं कधीच ठेवू नका. लेसच्या भोकांच्या कड्या (आयलेट) लोखंडी असतील तर ते वर्षभरात गंजून लेस कापतात, पितळी बघून घ्या.

सँडल दीड हजारात मिळाले आणि पैशांच्या मानाने त्यांनीच जास्त काम केलं. होडीत चढताना, हर्णैसारख्या बंदरावर मासळीच्या पाण्यातून चालताना, देवळाबाहेर दहा वेळा काढ-घाल करताना याहून सोयीचं काही नाही. गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा अनवाणी करून आल्यावर सुजलेल्या पायात घट्ट बूट चढवण्यापेक्षा सैल करता येणारा पट्टा केव्हाही बरा. पट्टे सोलच्या आतून ओवलेले आहेत की नुसते कडेला चिकटवलेले, हे उलटं करून बघा. चिकटवलेले पहिल्या पावसातच सुटतात. वेलक्रोत रेती आणि धागे अडकले की तो धरत नाही, जुन्या टूथब्रशने दर आठवड्याला साफ करावा. नवीन पट्टा ओला असताना करंगळीच्या मुळाशी कापतो, तिथे पहिले आठ दिवस चिकटपट्टी लावावी. कोल्हापुरीबद्दल एकच वाक्य: कोरड्या दिवसांत समारंभासाठी सुंदर, पण टाच मोकळी असल्याने बोटांनी चप्पल धरून चालावं लागतं आणि लांब चालीत पोटऱ्या भरून येतात.

रंगाचं म्हणाल तर पांढरा सोल इथे घेऊ नका. जांभ्याच्या मातीतलं लोह कापडात बसलं की पूर्ण निघत नाही, आणि ब्लीच घातलं तर डाग उलट पक्का होतो. तपकिरी, विटकरी, शेवाळी, गडद करडा हे रंग वर्षभर नीट दिसतात. वरचा भाग आणि सोल एकाच रंगाच्या छटेत असले की साधे वॉकिंग शूजसुद्धा ऑफिसच्या कपड्यांवर खटकत नाहीत.

सवलतीत मिळतात म्हणून जुना साठा घेण्याआधी खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. सोल पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) असेल तर दमट हवेत त्याचं आतल्या आत विघटन होत राहतं, न वापरताही. तीन-चार वर्षं खोक्यात पडलेला कोरा जोड पहिल्याच चालीत टाचेपासून भुगा होऊन गळतो. हातात वजनदार आणि भरीव लागणारा फोम बहुधा पीयू, हलका आणि स्पंजी लागणारा ईव्हीए. कोकणात ईव्हीए घ्या, आणि कुठलाही जोड जपून ठेवण्यासाठी घेऊ नका.

पावसाळ्यासाठीचा जोड मे महिन्यात घ्यावा. पहिले तीन दिवस घरात तासभर, मग आठवडाभर बाजारापर्यंत, मग चार-पाच किलोमीटर. कुठे घासतो ते कोरड्या पायाला आधी कळतं आणि मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत दुकानात परत नेऊन बदलता येतो.