पाइपचं वलण: आठ महिने वापरल्यानंतर

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही मालकांची पहिली अट. कपाट एकच, तेही बायकोच्या साड्यांनी भरलेलं. म्हणून मागच्या मे महिन्यात डोंबिवलीच्या घरात मी प्लंबिंगच्या पाइपचा कपड्यांचा स्टँड बनवला. आई त्याला पहिल्या दिवसापासून वलणच म्हणते.

सामान साधं होतं: एक इंची पीव्हीसी पाइप, दहा फुटी तीन नळ्या, चार टी (तीन तोंडांचे जोड), दोन एल्बो (काटकोनी जोड), चार एंड कॅप म्हणजे टोपणं, सॉल्व्हंटची (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाची) छोटी डबी आणि हॅक्सॉ ब्लेड. सगळं मिळून सतराशेच्या आत. फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी स्टँडचे साडेचार हजार सांगितले होते. लांबी पाच फूट, उंची सव्वापाच, पायांची रुंदी दीड फूट.

कापताना एक युक्ती कामी आली. पाइपभोवती वर्तमानपत्राची पट्टी कडेला कड जुळवून गुंडाळायची आणि त्या कडेने पेन्सिल फिरवायची, म्हणजे काप सरळ येतो. चिकटवताना मात्र माझी घाई नडली. सॉल्व्हंट लावल्यावर जोड फिरवायला जेमतेम काही सेकंद मिळतात. एक पाय किंचित वाकडा बसला तो बसलाच. आजही त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे.

खरी चूक पाच फुटांची. आठ-दहा शर्टांना दांडी छान होती. मग जीन्स लागल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात दांडीला पोट सुटलं. दोन टोकांना सुतळी ताणून मोजलं तर मध्ये दीड इंच झोळ. हँगर घरंगळत सगळे मधोमध गोळा व्हायचे, त्यामुळे भार तिथेच आणि झोळ आणखी वाढणार. कपडे उतरवले तरी दांडी सरळ होईना. बाक वर करून फिरवून बसवली, आठ दिवसांत पुन्हा तेच.

नशिबाने मेव्हण्याच्या सांगण्यावरून वरचे दोन जोड चिकटवले नव्हते, नुसते दाबून बसवले होते. दांडी काढली आणि आत अर्धा इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) दांडीच्याच मापाचा कापून सरकवला. तेव्हापासून सहा जीन्स आणि आईची शाल एकत्र लटकतात, झोळ नाही. स्टँड आडवा डुलायचा, त्यावर मागच्या बाजूला नायलॉनच्या दोरीची फुली ताणून बांधली. वीस रुपयांची दोरी, पण सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला.

जड व्हावेत म्हणून पायांत वाळू भरली होती. ती नीट वाळवली नव्हती. दोन दिवस फरशीवर पाण्याचा ओघळ दिसत होता आणि मी मुलाच्या ओल्या टॉवेलला बोल लावत होतो! टोपणाच्या जोडातून वाळूचं पाणी झिरपत होतं.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. भिंतीला ओल येते, म्हणून स्टँड वीतभर पुढे ओढला आणि पंख्याखाली आणला. धूळ नको म्हणून आईच्या जुन्या नऊवारीचा पडदा केला होता, तो जुलैत काढावा लागला. आत हवा खेळत नव्हती आणि सुती कुडत्यांना कुबट वास धरला होता. दिवाळीनंतर पडदा परत लावला. पिशव्या अडकवायला बायंडिंग वायरचे (बारीक लोखंडी तारेचे) आकडे केले होते, त्यांना गंज चढला आणि मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर तांबूस डाग पडला. लिंबू-मीठ चोळून फिका झाला, गेला नाही. आकडे काढून फेकले. पीव्हीसीला मात्र आठ महिन्यांत काही झालेलं नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसतो.

कपाटाची जागा हा स्टँड घेत नाही. इस्त्रीचे, महागाचे कपडे मी यावर ठेवत नाही. रोजचे आणि अर्धवट वाळलेले कपडे खुर्चीवर ढीग न होता टांगले जातात, तेवढ्यासाठी तो उत्तम.

बहिणीला आता असाच हवा आहे. तिचा साडेतीन फुटांचाच करणार, जीआय पाइप पहिल्या दिवसापासून आत. खालची आडवी नळी मी चपलांसाठी ठेवली होती. तिच्यावर आईने पहिल्याच आठवड्यात आपला पंचा टाकला, तो अजून तिथेच आहे.