घरचा सर्व्हर नागपुरात चालवताना: एन१०० मिनी पीसीचे परीक्षण

घरातली छायाचित्रे, कागदपत्रे आणि चित्रफिती भाड्याच्या क्लाउडवर न ठेवता घरच्याच यंत्रावर ठेवायच्या असतील, तर आज मिळणाऱ्या पर्यायांपैकी इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आमच्या घरी तो आता रुळला आहे आणि नागपूरचा एक अख्खा उन्हाळा त्याने काढला आहे. मात्र हे यंत्र विकत घेताना प्रोसेसर आणि रॅम यांची जेवढी चर्चा होते, तेवढी ते कोणत्या खोलीत ठेवायचे, कोणत्या विजेवर चालवायचे आणि घराबाहेरून त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे याची होत नाही. आपल्या शहरात खरा कस तिथेच लागतो, म्हणून या परीक्षणात त्याच बाबींना अधिक जागा दिली आहे.

आधी यंत्राविषयी. एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आलेला चार गाभ्यांचा, ६ वॅट टीडीपीचा (म्हणजे फार कमी उष्णता निर्माण करणारा) प्रोसेसर आहे. तो कार्यालयीन संगणकासाठी सामान्यच म्हणावा लागेल, पण दिवसरात्र चालू राहून हळूहळू काम उरकणाऱ्या सर्व्हरला तो पुरेसा होतो. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेले आमचे यंत्र पंधरा हजारांच्या आसपास पडले. रास्पबेरी पाय ५ या एका पाटीवरच्या संगणकाचाही विचार केला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला तो छोटा बोर्ड गुणी आहे यात शंका नाही. परंतु त्याला ५ व्होल्ट, ५ अँपिअर देणारा स्वतंत्र अडॅप्टर लागतो, एसएसडीसाठी वेगळी पाटी जोडावी लागते, खोका आणि पंखा निराळा घ्यावा लागतो, आणि ही सगळी बेरीज केली की किमतीतला फरक जवळजवळ पुसला जातो. शिवाय त्यात एच.२६४ या प्रचलित स्वरूपातल्या चित्रफितींसाठीचे हार्डवेअर डीकोडिंग नाही, म्हणजे त्या उलगडण्याचा भार प्रोसेसरवरच पडतो. तयार एनएएस खोके (नेटवर्कला जोडायची साठवणयंत्रे) वापरायला सर्वांत सोपे असतात, पण त्यांची किंमत बहुधा डिस्कशिवाय सांगितलेली असते आणि त्याच पैशात मिळणारी रॅम फार कमी असते. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारपेठेतल्या) संगणक दुकानांत ‘सर्व्हर पाहिजे’ असे सांगितले, तर दुकानदार कंपनीच्या हिशोबाने मोठी यंत्रे दाखवू लागतो. ‘छोटा पीसी, टीव्हीमागे लावतात तो’ असे म्हटले की काम लवकर होते.

उभारणीत फारसे सांगण्यासारखे नाही. विंडोज काढून डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली, त्यावर डॉकर, आणि प्रत्येक सेवा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे इतरांपासून वेगळ्या कप्प्यात. इंग्रजी सूचना वाचून आज्ञा टंकण्याची तयारी असलेल्या कुणालाही दोन निवांत संध्याकाळींत हे जमावे. एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी: वीज गेल्यानंतर ती परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय त्याच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) आहे का? सगळ्या स्वस्त मिनी पीसींमध्ये ती असतेच असे नाही, आणि ती नसेल तर प्रत्येक वेळी कुणीतरी उठून बटण दाबायला हवे.

आता वापराविषयी. घरच्या सर्व्हरचा विषय निघाला की लोक चित्रपटांविषयी बोलतात. आमच्याकडे मात्र सर्वाधिक उपयोग झाला तो पेपरलेस-एनजीएक्स या कागदपत्रांच्या व्यवस्थेचा. कागद स्कॅन करून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकला की ती टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने त्यातला मजकूर वाचते, शोधता येईल अशी प्रत तयार करते आणि मूळ फाइल वेगळी, जशीच्या तशी जपते. मराठी मात्र आपणहून सुरू होत नाही. मांडणीच्या फाइलमध्ये एका ठिकाणी मराठीचा भाषासंच उतरवून घेण्याची सूचना द्यावी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी मजकूर मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वाचावा असे सांगावे लागते. यांपैकी एकच सूचना दिली तर काम अर्धवट राहते.

निकाल कसा मिळतो, हे कागदावर अवलंबून आहे. वीजबिल, मालमत्ता कराची पावती, विम्याचे पत्र असे स्वच्छ छापील कागद उत्तम वाचले जातात. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेचा जुना सातबारा मात्र रकान्यांच्या रेघांत अडखळला. नावे बरीचशी ओळखली गेली, गट क्रमांकातले आकडे भरवशाचे आले नाहीत. अशा कागदांना शीर्षक आणि खूण हातानेच द्यावी हे बरे. हस्तलिखित फेरफार वाचण्याची अपेक्षा ठेवूच नये. याहून फसवी अडचण जुन्या मराठी पीडीएफची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार झालेल्या अशा फाइली पडद्यावर शुद्ध मराठी दिसतात, पण आतला मजकूर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता असतो. पेपरलेसला मजकूर ‘आहे’ असे दिसते, म्हणून ती पुन्हा वाचण्याचे कष्ट घेत नाही, आणि मग शोध घेतल्यावर काहीच सापडत नाही. त्या फाइलींपुरती सक्तीने पुनर्वाचन करण्याची पद्धत निवडली की प्रश्न सुटतो. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे असतील तर मूळ फाइलच पुढे पाठवावी. स्वाक्षरीची ग्राह्यता मूळ फाइलीतच टिकते.

“पाणीपट्टीची मागच्या साली भरलेली पावती कुठं ठेवली?” हा प्रश्न बाबा पूर्वी आईला विचारत आणि आई कपाटाकडे बोट दाखवी. आता बाबा फोनवर स्वतः शोधतात, आणि पावती सापडली तरी ‘मूळ कागद टाकू नको बरं’ असे बजावतात. ते योग्यच आहे.

छायाचित्रांसाठी इमिच ही गूगल फोटोजसारखी, पण स्वतःच्या यंत्रावर चालणारी व्यवस्था वापरतो. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून मोफत अमर्याद साठवण बंद करून सगळे १५ जीबीच्या हिशोबात आणले, तेव्हापासून अनेक घरांत पर्यायाचा शोध सुरू झाला. इमिचची २.० ही स्थिर म्हणून जाहीर झालेली आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. फोनवरून आपोआप प्रत घेणे, चेहऱ्यांनुसार गट करणे, नकाशावर छायाचित्रे दाखवणे ही कामे ते नीट करते. चेहरे ओळखण्याची पहिली फेरी एन१०० वर बराच वेळ घेते आणि तेवढा काळ पंखा ऐकू येतो. नंतर यंत्र शांत होते. मराठी वाचकांना एक बाब ठाऊक असावी: वर्णनावरून छायाचित्र शोधण्यासाठी इमिचमध्ये मुळात जे मॉडेल असते ते इंग्रजीवर घडलेले आहे. ‘संत्र्यांचे ढीग’ असे टंकून काही हाती लागत नाही. प्रशासनाच्या पानावर बहुभाषिक मॉडेल निवडून सर्व छायाचित्रांवर शोधाची प्रक्रिया पुन्हा चालवावी लागते. नवे मॉडेल अधिक रॅम घेते, पण १६ जीबीत ते सामावते, आणि आईला इंग्रजी शब्द आठवत बसावे लागत नाहीत.

चित्रफिती घरच्या टीव्हीवर आणि फोनवर पाहण्यासाठी जेलीफिन ही व्यवस्था आहे. एन१०० च्या अंगभूत क्विक सिंक या चित्रफिती हाताळणाऱ्या सोयीमुळे एचईव्हीसी स्वरूपातल्या फिती तो सहज दुसऱ्या स्वरूपात बदलून टीव्हीला पुरवतो. जाहिराती गाळणारे पाय-होल मात्र मी या यंत्रावरून काढून टाकले. त्यावर घरातील सर्व उपकरणांचे डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधण्याचे काम, अवलंबून राहते. सर्व्हर देखभालीसाठी बंद केला की सगळ्या घराचे इंटरनेट गेल्यासारखे होते, आणि तेव्हा घरचे जे बोलतात ते येथे लिहिण्याजोगे नसते. शिवाय यूट्यूबवरील जाहिराती त्याने गाळल्या जात नाहीत, आणि राउटर जर आयपीव्ही६ (इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीचे) डीएनएस परस्पर वाटत असेल तर निम्मी उपकरणे पाय-होलला वळसा घालून जातात. हौस असेल तर त्यासाठी वेगळे छोटे यंत्र ठेवावे.

उन्हाळ्याचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांत), पारा ४५ अंशांपार जातो आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली रात्रीही निवत नाही. प्रोसेसर हे सहन करतो. तापला की वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. जोखीम असते ती डिस्कला. यूएसबीने जोडायच्या पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरासाठीचे तापमान अनेकदा ५ ते ३५ अंश एवढेच दिलेले असते, आणि आपल्याकडे एप्रिल उजाडला की दुपारी घरातले तापमानच त्या मर्यादेबाहेर असते. म्हणून अशी डिस्क दिवसरात्र जोडून ठेवू नये. एनएएससाठी बनवलेल्या डिस्कची मर्यादा बरीच वर असते. त्या महाग पडतात, पण येथे काटकसर करण्यात अर्थ नाही. आम्ही चालू साठा एसएसडीवरच ठेवतो आणि मोठी डिस्क केवळ प्रतीसाठी वापरतो.

यंत्र कूलरच्या खोलीत ठेवावे की नाही, यावर घरात बराच खल झाला. कूलरने खोली निवते हे खरे, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारा झोत दमट असतो, त्यात बारीक तुषार आणि धूळ असते, आणि आपल्या जड पाण्याचा पांढरा थर यंत्राच्या जाळीवर साचू लागतो. शेवटी ते त्याच खोलीत, पण झोताच्या विरुद्ध भिंतीला, खिडकी किंचित उघडी राहील अशा बाजूला, उंच फळीवर ठेवले. टीव्हीच्या बंदिस्त कप्प्यात ठेवण्याचा मोह टाळावा. खालची जाळी महिन्याकाठी मऊ ब्रशने साफ केली नाही, तर पंख्याचा आवाज वाढून ते स्वतःच सांगते.

विजेचा खर्च नगण्य आहे. सरासरी १२ वॅट धरले तर महिन्याला ९ युनिटांहून कमी वीज लागते. मोठा कूलर तेवढी तीन-चार दिवसांत ओढतो. अडचण वीज जाण्याची आहे. मोसमापूर्वीचे वादळी वारे सुटले की दिवे मिचकावू लागतात, आणि घरच्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना होणारा क्षणभराचा खंड पंख्याला कळत नसला तरी सर्व्हरला कळू शकतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवल्याने हा खंड कमी होतो. तरीही ६०० व्हीएचा एक साधा यूपीएस मध्ये घालावा, आणि शक्य तर यूएसबीची तार असलेला घ्यावा, म्हणजे बॅटरी संपत आली की नेटवर्क यूपीएस टूल्स ही मोफत प्रणाली सर्व्हरला व्यवस्थित बंद होण्याचा आदेश देऊ शकते. राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस स्वस्त आणि कामाचे आहेत, पण ते बहुतेक २ अँपिअरपर्यंतच वीज देतात, तर आमच्या मिनी पीसीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिले आहे. खोक्यावरचा आकडा वाचूनच जोडावे. उन्हाळ्यात यूपीएसची शिसे-आम्ल बॅटरीही लवकर थकते. तिच्या बदलीचा खर्च आधीच मनात धरावा.

राहिली बाहेरून जोडणी. आमच्या ब्रॉडबँड कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा पत्ता) मागितला, तर आधी प्रश्नच समजला नाही आणि समजल्यावर महागडी व्यावसायिक योजना पुढे करण्यात आली. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडण्याची खटपट व्यर्थ आहे, हे समजून जावे. यावर टेलस्केल हा सोपा उपाय आहे. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर आधारलेली ही सेवा सर्व्हर आणि फोन यांच्यात थेट कूटबद्ध मार्ग जोडते. थेट मार्ग जुळला नाही तर मधल्या रिलेतून (टेलस्केलच्या सर्व्हरमार्गे) वाहतूक होते आणि वेग उतरतो. घरातल्या मोजक्या माणसांना तिची मोफत योजना पुरते. राउटरमध्ये पोर्ट उघडावे लागत नाही, हा सुरक्षेच्या दृष्टीने तिचा मोठा गुण मी मानतो. पुण्यात असलेली बहीण याच मार्गाने आईचे फोटो पाहते.

दुसरी प्रत नसेल तर हे यंत्र घेऊच नये, इतके माझे मत ठाम आहे. इमिच दर रात्री स्वतःच्या माहितीसाठ्याची (डेटाबेसची, छायाचित्रांची नव्हे) प्रत काढते, पण ती छायाचित्रांच्या साठ्याच्याच फोल्डरमध्ये ठेवते. डिस्क गेली तर दोन्ही जातात. आमच्याकडे पोर्टेबल डिस्कवर आठवड्याला प्रत निघते, त्यानंतर डिस्क काढून कपाटात जाते, आणि तिची जुळी डिस्क धरमपेठेत काकांकडे असते, जी दिवाळी-संक्रांतीसारख्या निमित्ताने बदलली जाते. पासवर्ड, यंत्र बंद-चालू करण्याची रीत आणि डिस्क कुठे आहे हे मराठीत एका कागदावर लिहून तो घरच्या फाइलीत लावला आहे, कारण माझ्या अनुपस्थितीत हे यंत्र सांभाळणारे दुसरे कुणी घरात नाही. ज्यांच्या घरी असा एकही हौशी माणूस नाही, त्यांनी गूगल किंवा ॲपल यांना महिन्याचे पैसे देत राहणे अधिक बरे.

सध्या खरेदी करणाऱ्यांसाठी एवढे लक्षात असू द्यावे की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जोरात चढले आणि त्याची झळ मिनी पीसींनाही बसली. एन१०० मध्ये रॅमची एकच चॅनेल (जोडणीची वाट) असते, त्यामुळे ८ जीबीचे यंत्र घेऊन नंतर दुसरी पट्टी जोडण्याचा बेत बहुतेक यंत्रांत जमत नाही. असलेली पट्टी काढून मोठी घालावी लागते. पेपरलेस आणि जेलीफिन एवढेच चालवायचे असेल तर ८ जीबी भागते. इमिच आणि बहुभाषिक शोध हवा असेल तर सुरुवातीलाच १६ जीबीचे घ्यावे आणि एसएसडीचा आकार हवा तर लहान ठेवावा.